घाईचा दगड

१

रोज सकाळी कामाला लागण्याआधी आम्ही हातांना ऑलिव्हचं तेल चोळत असू. खाण्याचं नव्हे. घाण्याच्या तळाशी उरतं ते, काळपट, उग्र वासाचं. सिमेंट कातडी खातं आणि तेल त्याला जरा दूर ठेवतं, एवढंच. बार्बा मान्यो आधी आपल्या हातांना लावायचे, मग वाटी माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "तुला आठच बोटं. तेल निम्मं निम्मं का म्हणून?"

रोज हाच विनोद, आणि मी रोज हसायचो. मला तो खरंच आवडायचा. कौलांच्या कारखान्यात माझ्या उजव्या हाताकडे लोक बघायचेच नाहीत, बोलता बोलता नजर वळवायचे. बार्बांनी पहिल्याच दिवशी हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला होता, बाजारात मासा पाहावा तसा.

बार्बा म्हणजे इटलीतल्या आमच्या डोंगरी बोलीत काका. ते माझे कोणी लागत नव्हते, पण आमच्याच खोऱ्यातले, आणि वडीलधाऱ्याला आमच्याकडे दुसरं काही म्हणत नाहीत. मार्सेलिसला येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. श्रीमंतांच्या बागांत खोटे दगड करणं हा त्यांचा धंदा. कडे, गुहा, झऱ्याचा खडक, सगळं सिमेंटचं. आत लोखंडी सळया, त्यांवर तारेची जाळी, जाळीवर माल थापायचा आणि तो ओला आहे तोवर त्यातून दगड कोरून काढायचा.

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. त्या वयात कोणी नवा धंदा शिकत नाही. पण कारखान्यातल्या दाबयंत्राने माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं होतं, आणि मातीच्या धुळीने छाती. डॉक्टरांनी पाठीला कान लावून ऐकलं आणि म्हणाले, त्या धुळीत आणखी दोन हिवाळे, फार तर. मी बार्बांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"सर्व संतांच्या सणापर्यंत ठेवतो," ते म्हणाले. "सणानंतर मी तुलाँला मोठ्या कामावर जाणार आणि एकच माणूस बरोबर नेणार. इथल्या गुहेची एक भिंत तुझी. दगड वाटली तर चल. गिलावा वाटला तर, बास्तियान, तुझा कारखाना तुला."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दरवाजा किती उंच आहे हे आधीच सांगितलं, म्हणजे डोकं आपटणार नाही.

२

गुहेचं काम होतं ती बाग शहराबाहेर टेकडीच्या उतारावर होती. मालकीणबाई पॅरिसला असत, येतील तेव्हा येतील. बंगल्यात राहायची ती एकटी स्वयंपाकीण नोरीन. पस्तिशीची विधवा, जन्माने मार्सेलिसची, तिखट तोंडाची. आम्हा इटलीवाल्यांना ते लोक बेडूक म्हणतात. नोरीनने मला नाव विचारायच्या आधीच ते देऊन टाकलं होतं.

गुहा टेकडीला चिकटून करायची होती. मध्ये हातभर पोकळी सोडून बार्बांनी सळयांचा सांगाडा उभा केला होता, कारण डोंगराची ओल सिमेंटला लागली तर ते फुगतं. छत आणि कमान त्यांनी आधीच बंद केली. डावीकडची भिंत माझी. साडेपाच हात लांब, माझ्या डोक्याहून थोडी उंच. तिचं तोंड उत्तरेला. ऊन तिच्यावर कधीच येत नसे.

बार्बांनी मला पहिल्यांदा शिकवला तो ताप.

आमचं सिमेंट ग्रनोबलच्या डोंगरातून येई आणि ते घाईचं होतं. पाणी पडल्यापासून एक चिलीम ओढून होईतो त्याचा दगड. घट्ट होताना ते तापतं. खरंच तापतं, आजारी मुलाच्या कपाळासारखं. कारागीर पालथा हात लावून बघतो. ताप चढू लागला की कोरायचं, कारण तेव्हा माल पिळलेल्या चिजासारखा असतो, सुरी लावाल तिथे खरखरीत तुटतो आणि ती तूट दगडाची वाटते. ताप उतरला की हात काढायचा. मग देव आला तरी नाही.

"नवशिक्याचं पाप एकच," बार्बा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सुधारायला जातो. गेलेल्या माणसाला औषध पाजतो."

कोरायला एक लहान निमुळती थापी असते, तिला मांजराची जीभ म्हणतात. ती माझ्या तीन बोटांत बसायची नाही. बार्बांनी तिच्या मुठीला सुतळी गुंडाळून ती जाड करून दिली. हे त्यांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत केलं, आपलं जेवण बाजूला ठेवून.

३

माझं काम वाईट होत होतं.

मी स्वभावानेच सावकाश. बोलायलाही मला वेळ लागतो. तीन बोटांनी आणखी लागायचा. एक खाच कोरून दुसरीचा विचार करेपर्यंत ताप उतरलेला असायचा. मग घाईघाईने हात चालवायचो, आणि घाईत हात तेच ते करतो. वरून खाली एक बाक, मग एक खोल खाच, मग पुन्हा तोच बाक.

नोरीन विहिरीवरून पाणी घेऊन चालली होती. थांबली, कमरेवर हात ठेवून माझ्या भिंतीकडे बघत राहिली.

"ए बेडका, धुणं वाळत घातलंयस का? चादर, पायजमा, चादर, पायजमा."

बार्बा कमानीवरून म्हणाले, "बाईला कळलं बघ. दगड एक गोष्ट दोनदा सांगत नाही, बास्तियान. दोनदा सांगतो तो माणूस."

"आमचा मेलेला नवरा तर शंभरदा सांगायचा," नोरीन म्हणाली आणि गेली. परत येताना तिने मला चण्याच्या पिठाच्या दोन गरम वड्या कागदात दिल्या. "खा. माझ्या बोलण्याने जेवण टाकू नकोस, उगाच माझ्या माथी पाप."

सणाला तेव्हा सोळा दिवस राहिले होते. भिंत निम्मी झाली होती आणि ती निम्मी भिंत गिलावा होती. मला खोकला आला की मी गुहेबाहेर जाऊन खोकत असे, बार्बांना ऐकू जाऊ नये म्हणून.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवर पालथा हात ठेवला. का ठेवला सांगता येत नाही. गेलेल्या गुराच्या अंगावरही माणूस एकदा हात ठेवतो, तसंच.

भिंत गार होती. रात्रभर मिस्त्राल वारा सुटला होता, बागेतली रोपं जमिनीशी झोपली होती. असल्या वाऱ्यात दगड बर्फासारखा होतो. हात सरकवत सरकवत मी मधोमध आलो आणि माझ्या खांद्याच्या उंचीवर एक जागा कोमट लागली.

मी हात काढला. काखेत धरून गरम केला, मग बाहेर वाऱ्यात धरून गार केला. गार हाताने पुन्हा पाहिलं. जागा कोमटच होती. सुपाएवढी. आणि कडेला नखाने दाबलं तर नख आत गेलं.

काल दुपारी लावलेला माल होता तो. त्याचा ताप माझ्यासमोर उतरला होता.

मी शिकलेला नाही, पण अडाणीही नाही. मी एकेक करून पाहिलं. ऊन? उत्तरेची भिंत. पोत्यातलं सिमेंट सादळलेलं? मग सबंध पट्टा मऊ राहिला असता. मलाच ताप असेल? कपाळाला हात लावला, कपाळ गार. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन विचारलं, "चुलीचं धुराडं टेकडीत कुठून जातं?"

"टेकडीत?" नोरीन म्हणाली. "धुराडं छपरातून जातं, जसं माणसांच्या घरात जातं. तुमच्याकडे बिळातून जात असेल."

मी परत आलो. बार्बा तळ्याच्या काठावर काम करत होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. ताप उतरला की हात लावायचा नाही, हा नियम. पण ताप उतरला नव्हता. मी मांजराची जीभ घेतली.

त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा मला घाई नव्हती. एक खाच कोरली. मागे सरून पाहिली. दुसरी कुठे हवी याचा विचार केला, नाक शिंकरलं, पुन्हा विचार केला. माल वाट बघत होता. जेवणाची घंटा झाली तेव्हा सुपाएवढ्या जागेत एक कपार उभी होती, वरून तुटलेली, खाली पाण्याने झिजल्यासारखी. तिच्यात कुठलीच गोष्ट दोनदा नव्हती.

जेवून परत आलो तेव्हा ती जागा थंड आणि टणक झाली होती. तिच्या शेजारची जागा कोमट होती.

५

असे दहा दिवस गेले. मी कुणाला काही बोललो नाही. काय बोलायचं होतं? माझा दगड चांगला वळतोय आणि मला भीती वाटते, असं?

ती कोमट जागा सरकत होती. जिथे मी आधीच्या आठवड्यात वाईट काम करून ठेवलं होतं, त्या टणक पट्ट्यांकडेही. एका सकाळी जुनी चादर-पायजम्याची रांग लोण्यासारखी मऊ सापडली. मी ती पुसून पुन्हा केली.

आवाज कधी सुरू झाला ते नक्की सांगता येणार नाही. कारण तो माझ्याच आवाजाखाली होता. मी खरवडलं की खर्र व्हायचं, आणि त्याच्या तळाशी आणखी एक खर्र. भिंत पोकळ, म्हणून घुमत असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग एक खेळ केला. मध्येच थांबलो.

तिकडचं खरवडणं माझ्यानंतर किंचित उशिरा थांबलं. एका श्वासाइतकं. आपल्याकडे लक्ष देऊन काम करणारा माणूस थांबतो, तसं.

मी घोटभर पाणी प्यायलो. तळ्यापाशी जाऊन बार्बांना विचारलं, "बार्बा, माझ्या भिंतीमागे काय आहे?"

"हातभर पोकळी. मग टेकडी."

"तिकडून कोणी आत जाऊ शकेल?"

"छत बंद, बाजू बंद. तुझ्या भिंतीत खाली टोपलीएवढं भोक ठेवलंय तेवढं उघडं, आणि त्याच्यासमोर तू दिवसभर मांडी घालून बसलेला असतोस. तुझ्या नाकाखालून कोण जाणार?" त्यांनी मान वर केली. "घूस लागली काय?"

"असेल."

"घूस सिमेंट खात नाही. खाल्लं तर पुन्हा खात नाही."

मी परत येऊन कामाला लागलो. आता खरं सांगतो. भीती होती, पण तिच्याखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते जास्त होतं. कारखान्यात अठरा वर्षं यंत्राच्या वेगाने हात चालवला आणि त्याने बोटं नेली. इथे कोणीतरी माझ्या वेगाने चालत होतं. माझी थापी अडखळली की तिकडची थांबायची. कधी कधी तिकडून आधी खरवडलं जाई, हळूच, एका विशिष्ट जागी, आणि मी तिथे थापी लावली की तिथे खाच हवीच होती हे मला कळायचं. माझ्या वडिलांनी मला गवत कापायला असंच शिकवलं होतं. पुढे चालत, मागे न बघता, पण माझ्या पावलाने.

दुपारी पाठ दुखली की मी भिंतीला टेकून बसायचो. पाठीला ऊब लागायची, नेमकी दोन खांद्यांच्या मध्ये. मी डोळे मिटायचो. एकदा वाटलं, मागची ऊब किंचित वर गेली आणि खाली आली. मी झटकन उठलो. मग थोड्या वेळाने पुन्हा बसलो.

६

सणाच्या दोन दिवस आधी बार्बा भिंत बघायला आले. टोपी डोक्यावर, चिलीम तोंडात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत गेले. मधल्या कपारीपाशी थांबले, चिलीम तोंडातून काढली, जवळ जाऊन पाहिलं, लांब जाऊन पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"खोटं बोलू नकोस."

"मी केलं, बार्बा. तुम्ही तळ्यावर होता तेव्हा. रोज थोडं थोडं."

त्यांनी माझा उजवा हात पुन्हा हातात घेऊन पाहिला. मग त्याच हातावर दोनदा थोपटलं. त्यांचे डोळे ओले झाले होते असं मला वाटलं, पण त्यांचे डोळे सिमेंटने नेहमीच ओले असत.

"तीस वर्षांत मी असा कडा केला नाही," ते म्हणाले. "बरं. आता शेवटचं भोक राहिलंय. ते उद्या तुझ्या हाताने बुजव. उद्या दुपारी ते बुजलेलं आणि दगड झालेलं दिसलं की तू तुलाँला आलास. आणि हे बघ, विचारून बुजव."

"काय विचारून?"

मग त्यांनी ती रीत सांगितली. आमच्या धंद्यात पोकळीचं शेवटचं भोक बुजवण्याआधी आत तोंड घालून तीनदा मोठ्याने विचारतात, कोणी आहे का. फार पूर्वी कुणाची तरी गाभण मांजर आत राहून गेली होती आणि आठ दिवस खडक रडत होता. तेव्हापासून विचारतात.

"उत्तर आलं तर?" मी म्हणालो.

"मांजर असेल तर बाहेर काढायचं."

"आणि भोकातून निघण्यासारखं नसेल तर?"

बार्बांनी चिलीम झाडली. "तर भिंत फोडायची. आणखी काय? माझ्या वेळी कधी आलं नाही बाबा. तुझ्या वेळी कशाला येईल?"

७

दुसऱ्या दिवशी बार्बा अवजारं पाठवायची व्यवस्था बघायला बंदरावर गेले. मी एकटा होतो. वारा पडला होता. बागेत इतकं शांत होतं की स्वयंपाकघरातून नोरीनच्या पाट्यावर लसूण ठेचल्याचा आवाज येत होता.

एरवी हे दोघांचं काम. भिंतीवर माल लावणारा मागे न बघता हात मागे करतो, तळवा वर. कालवणारा त्यावर मालाचा गोळा ठेवतो. गोळा भिंतीवर बसतो आणि हात पुन्हा मागे येतो. घाईच्या सिमेंटपुढे बोलायला वेळ नसतो, म्हणून बोलायचं काम तळवाच करतो. आज दोन्ही कामं माझी होती. मी सिमेंट आणि वाळू कोरडीच मिसळून ठेवली, पाणी शेजारी ठेवलं आणि भोकापाशी पालथा पडलो.

आधी जाळी तपासायला हात आत घातला आणि वर वळवून माझ्या भिंतीची मागची बाजू चाचपली. तिथे काय असतं ते मला ठाऊक होतं. जाळीतून पलीकडे बाहेर आलेला माल असतो, ओबडधोबड गाठी, तारांची टोकं. कोणी ती बाजू बघणार नसतं.

माझ्या बोटांना कपार लागली.

मी बोटं पुढे नेली. खाच. तुटलेली कड. खाली पाण्याने झिजवलेली गोलाई. तारेचं एकही टोक नाही. मी हात बाहेर काढला. घमेल्यातलं पाणी बादलीत ओतलं आणि घमेल्याचा चकचकीत तळ धरून बाहेरचं ऊन आत पाडलं.

एकच क्षण दिसलं. माझ्या भिंतीच्या मागे तशीच एक भिंत होती. मी इकडे कोरलेली प्रत्येक खाच तिकडेही होती, फक्त तिकडची सफाई मला जन्मात जमली नसती. तळाशी बसायला एक लहानसा कट्टा कोरला होता. त्यावर कुंच्याचे ओले फराटे होते, नुकतेच मारलेले.

मी घमेलं खाली ठेवलं.

"कोणी आहे का?" मी विचारलं. आवाज आत गेला आणि परत आला नाही.

"कोणी आहे का?"

आत काहीतरी खरवडलं जात होतं ते थांबलं. मी ते ऐकत होतो हे मला ते थांबल्यावर कळलं.

तिसऱ्यांदा विचारण्याआधी मी बराच वेळ पडून राहिलो. लसणाचा आवाज चालू होता. मी हाक मारली असती तर नोरीन आली असती. बार्बांची वाट बघितली असती तर त्यांनी घण आणला असता. भिंत फुटली असती, आणि तशी भिंत माझ्या हातून पुन्हा झाली नसती, आणि सण उद्यावर होता. मला मरायचं नव्हतं. हे मोठं कारण नाही, पण माझ्यापाशी तेवढंच होतं. तिसऱ्यांदा न विचारता बुजवावं असंही मनात आलं. कोणाला कळलं असतं?

पण ज्याने दहा दिवस मला शिकवलं त्याला मी एवढंही विचारू नये, हे मला जमेना.

"कोणी आहे का?" मी म्हणालो. फार हळू.

भोकाच्या कडेशी एक हात आला.

तो सिमेंटने राखाडी झाला होता आणि त्याच्यावर तेलाची चमक होती. बोटं पाचही होती, जाड, नखं झिजलेली. मनगटापलीकडे अंधार. हात जमिनीसरसा सरकत उजेडात आला आणि उलटा झाला. तळवा वर.

माझा जीव इतका भांड्यात पडला की मला हसू आलं. माल! तो माल मागत होता. आतून तोच बुजवणार, बाहेरून मी. मी घाईघाईने पाणी ओतलं, ओंजळभर माल कालवला आणि त्याच्या तळव्यावर गोळा ठेवला. हात क्षणभर तसाच राहिला. मग बोटं मिटली, हात आत गेला, आणि आतून थप् असा आवाज आला. माल जाळीवर नीट बसला की होतो, तोच.

हात पुन्हा आला. मी पुन्हा गोळा ठेवला. थप्.

तिसऱ्यांदा तो भोकातून जरा जास्त बाहेर आला, मनगटापर्यंत, आणि जास्त वेळ थांबला. भोक आता अरुंद झालं होतं. मी मोठा गोळा ठेवला, शेवटचा म्हणून. थप्. मग आतला उरलेला काळा ठिपकाही राखाडी झाला आणि मी बाहेरून थर चढवला. ताप चढू लागला. मी कोरत गेलो आणि त्या दिवशी माझा हात घाईतही चुकला नाही.

पलीकडून खरवडण्याचा आवाज आला नाही.

बार्बा दुपारी आले. भोक होतं त्या जागी थापीच्या मुठीने ठोकलं, कान दिला. "विचारलंस?"

"तीनदा."

"मग?"

"मग बुजवलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सामान बांध."

८

तुलाँहून परत आल्यावर मी नोरीनला मागणी घातली. ती म्हणाली, एक नवरा शंभरदा बोलायचा, दुसरा अजिबात बोलत नाही, सरासरी बरी आहे. त्या बंगल्यातली नोकरी सोडून ती माझ्याकडे आली.

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर एका सकाळी ती शेंगा सोलत बसली होती आणि मी तिला हे सगळं सांगितलं. ती टोमणा मारेल असं वाटलं होतं. तिने शेंगा बाजूला ठेवल्या.

"हात कसा धरला होता म्हणालास? दाखव."

मी दाखवला. तळवा वर.

"आणि तू त्यात सिमेंट ठेवलंस."

"माल मागत होता, नोरीन. आमच्यात तळवा वर केला म्हणजे माल."

"तुमच्यात," ती म्हणाली. मग माझा हात तिने आपल्या हातात घेतला. "बुडणारा माणूस हात कसा करतो रे?"

"पण त्याने तो लावला! तिन्ही वेळा आतून त्यानेच लावला, मी ऐकलं."

"गवंडी असेल बिचारा," ती हळूच म्हणाली. "हातात माल आल्यावर गवंडी दुसरं काय करणार?"

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेलो. बागेत कोणी नव्हतं. भिंतीवर शेवाळ धरू लागलं होतं, पाकोळ्यांनी कपारीत घरटं बांधलं होतं. पालथा हात लावला. दगडाइतकी गार. मग मुठीने ठोकत गेलो, वीत वीत. हातभर पोकळी मागे असलेल्या भिंतीचा आवाज ढब् यायला हवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो भरीव आला, टक्, टक्, डोंगराला ठोकल्यासारखा. मी कपाळ टेकलं आणि सांगायचं ते सांगितलं. आभारच मानले. माफी मागायला हवी होती की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. डॉक्टरांनी दोन हिवाळे दिले होते, त्या भिंतीने मला अडतीस दिले. त्यांतले एकवीस नोरीनबरोबर गेले. बार्बांच्या मागे त्यांची अवजारं माझ्याकडे आली, माझ्या हाताखाली सात माणसं शिकली. मला कशाचीही तक्रार नाही.

शिकणाऱ्यांना मी रीत सांगतो, पण थोडी बदलून. शेवटच्या भोकापाशी तीनदा विचारायचं. मग थापी खाली ठेवायची, माल दूर सारायचा, दोन्ही हात धुऊन कोरडे करायचे आणि रिकामे आत घालायचे. ते विचारतात, किती वेळ? मी सांगतो, चिलीम ओढून होईपर्यंत. ते हसतात, पण करतात.

मीही करतो. अजून कोणी हात धरलेला नाही.